एका खिळ्यावरचा बाण

मित्रांनो, बाण होण्याआधी मी एक दार होतो. सुतारकाकांच्या कारखान्याचं मागचं दार. काकांनी शिकाऊ असताना केलेलं ते पहिलंच दार, त्यामुळे मी नीट लागत नसे. मला बंद करायला खांदा लावावा लागे आणि उघडायला लाथ. माझी उमेदीची अकरा वर्षं अशीच गेली. त्या काळात माझ्याबद्दल कोणी दोन शब्द चांगले बोलल्याचं मला आठवत नाही. वाईट मात्र रोज बोलत, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

मग एके दिवशी गावच्या शिंपीमामांच्या पोटात दुखायला लागलं. साधंसुधं नाही. तिशीतला धडधाकट माणूस शिवणयंत्राखाली जाऊन गोळा होऊन पडला. दवाखाना अकरा किलोमीटर दूर. गावात मोटार एकच होती आणि तिचं इंजिन मालकाने दुरुस्तीसाठी सतरंजीवर सुटंसुटं मांडून ठेवलं होतं. मामांना न्यायला काहीतरी सपाट, लांब आणि मजबूत हवं होतं. सुतारकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी लाथ घातली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एका लाथेत उघडलो. बिजागऱ्यांसकट.

आठ जणांनी मला उचललं, माझ्यावर मामा. सगळ्या वाटेने आठही जण भांडत होते.

"डावा पाय आधी टाका रे!"

"कोणाचा डावा?"

"ज्याला डावा आहे त्याचा!"

मामा वेदनेने पांढरे पडले होते, पण तेही गप्प बसेनात. पुढे खांदा दिलेल्या माणसाला म्हणाले, "एवढी लांब ढांग टाकू नकोस. तुझी पँट मीच शिवलीय. मला माहितीये, ती टिकणार नाही."

अकराव्या किलोमीटरला पँट उसवली. मामा मात्र वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर त्यांच्या हाती काही उरलं नसतं.

परतल्यावर ते आठ जण पायांवरचे फोड मोजत पारावर बसले आणि त्यांनी ठरवलं, गावाला स्वतःची रुग्णवाहिका हवी. त्यासाठी पुढच्या वर्षी, त्याच तारखेला, सगळं गाव अकरा किलोमीटर चाललं. प्रत्येक चालणाऱ्यामागे एका शेजाऱ्याने रुग्णवाहिकेसाठी ठरलेले पैसे द्यायचे, अशी रीत पडली. पहिल्या वर्षी लोक थेट दवाखान्यापर्यंत गेले. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की आता परतही यायचंय. दुसऱ्या वर्षापासून तेवढंच अंतर गावाभोवती गोल मोजून घेतलं.

तीन वर्षांत रुग्णवाहिका आली. चालणं थांबवायचं मात्र कोणाला सुचलंच नाही. गाडीला टायर लागतात, तेल लागतं, चालक लागतो. आणि खरं सांगायचं तर लोकांना सवय झाली होती. वर्षभर ज्याचं तोंड पाहायचं नाही, त्याच्याबरोबर त्या दिवशी अकरा किलोमीटर चालायचं. चौथ्या किलोमीटरला अबोला सुटायचा, सातव्याला पुन्हा भांडण, नवव्याला दोघंही भांडायच्या पलीकडे दमलेले.

काकांनी मला कापून नऊ बाण केले. त्यातले आठ आता कुठे आहेत, ठाऊक नाही. मी मात्र अस्सल आहे. माझ्यावर काकांच्या बुटाची खूण अजून दिसते. मला पिवळा रंग दिला आणि गिरणीजवळच्या तिठ्यावर, एका खांबावर, ठोकलं. एकाच खिळ्याने. दुसरा खिळा काकांनी तोंडात धरला होता. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, म्हणून "ओ" द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि खिळा गवतात गेला. "पुढच्या वर्षी मारू," असं ते सलग काही वर्षं म्हणत राहिले.

नवव्या वर्षी चालण्याच्या सकाळी वारा सुटला आणि मी फिरलो. उजवीकडे दाखवायचं ते डावीकडे दाखवू लागलो. मला ओरडून सांगायचं होतं, पण बाणाला बोट असतं, तोंड नसतं.

चारशे माणसं आली. त्यातल्या निम्म्यांनी तो रस्ता आठ वेळा तुडवला होता. प्रत्येकाला कळत होतं की उजवीकडे जायचं. पण काकांच्या बाणावर शंका घेतली तर काका चार महिने बोलत नाहीत, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. काका स्वतः पुढे होते. त्यांना वाटलं, समितीने मार्ग बदलला असावा. समितीला वाटलं, काकांनी बदलला असावा. कोणीही कोणाला विचारलं नाही. सगळं गाव शिस्तीत डावीकडे वळलं.

डावीकडचा बोळ जेमतेम चाळीस पावलांचा. त्याच्या टोकाला एकच घर. त्या घरात बाई राहायच्या. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा गावाने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजून सगळे आपापल्या घरी गेले. तेव्हापासून त्या बोळात दूधवाला सोडून कोणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाई अंगणात चादर वाळत घालत होत्या. चादर बाजूला सारून पाहतात तर समोर चारशे माणसं.

सगळ्यात पुढे सुतारकाका. मागे फिरावं तर बाण चुकला असं होणार. त्यांनी घाम पुसला, खिशातलं कार्ड काढलं आणि बाईंपुढे धरलं. "बाई, सही."

इथे कार्डाबद्दल सांगायला हवं. प्रत्येक थांब्यावर सही घ्यायला चालणाऱ्यांना कार्ड दिलेलं असे. गावच्या छापखानेवाल्याने नवा साचा बनवायचा कंटाळा केला आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकाचाच साचा वापरला. त्यामुळे कार्डावर हजेरी, वर्तन आणि शेरा असे तीन रकाने होते. आठ वर्षं त्यातला शेऱ्याचा रकाना कोरा राहत होता.

बाईंनी कार्ड घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. मित्रांनो, ज्या बाईने छत्तीस वर्षं शेऱ्याचा रकाना कधी कोरा सोडला नाही, तिच्यापुढे तुम्ही चारशे कोरे रकाने आणलेत. त्या आत गेल्या. टेबल आणलं, खुर्ची आणली, लाल शाईचं पेन आणलं.

"रांगेत या," त्या म्हणाल्या. "आणि पायांचा आवाज नको."

काकांच्या कार्डावर त्यांनी लिहिलं, 'दिशा सुधारा.' शिंपीमामांच्या कार्डावर, 'रमतगमत.' रुग्णवाहिकेच्या चालकाला लिहिलं, 'यालाही चालता येते हे पाहून आनंद झाला.' काकांची सहा वर्षांची मुलगी वडिलांचा सदरा धरून अखंड बडबडत होती. तिला मिळालं, 'बोलणे कमी, चालणे जास्त.' चारशे शेरे लिहून होईपर्यंत दुपार झाली. मग बाईंनी मागचं फाटक उघडलं आणि सगळे कालव्याच्या वाटेने मूळ रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी काका तिठ्यावर आले. उलटा फिरलेला बाण त्यांनी पाहिला. खूप वेळ पाहिला. मग खिशातून दुसरा खिळा काढला आणि मला त्या चुकीच्या दिशेलाच पक्कं ठोकून टाकलं.

तेव्हापासून चालणं बाईंच्या अंगणातूनच जाऊ लागलं. लोक अकरा किलोमीटर शेऱ्यासाठी चालू लागले. शेरे चौकटीत बसून भिंतींवर लागले. एका घरी मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी मुलीच्या आईच्या कार्डावर 'मधेच बसते' वाचलं आणि चहा तसाच ठेवून उठले. मुलीने त्याच वर्षी बाईंकडून 'बसत नाही' आणलं आणि त्यांच्याच दारात जाऊन दाखवून आली. लग्न मात्र दुसऱ्याशी केलं. 'उत्तम' असा शेरा बाईंनी आजवर कोणाला दिला नाही.

मी रोज उन्हात उभा असायचो आणि त्या दिवशी तर चारशे माणसं माझ्याकडे पाहून वळायची. ती माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं. मनात एकच खंत होती. सगळ्या गावाला शेरा मिळाला, मला नाही. अर्थात मी चालत नव्हतो, हे मला मान्य आहे.

मग काका गेले. चालण्याच्या समितीचं काम त्यांच्या मुलीकडे आलं. ती आता मोठी, सगळ्यांची ताई. बडबड मात्र तेवढीच, आता त्यासाठी हातात भोंगाही आला. तीन वर्षांपूर्वी नारिंगी प्लास्टिकचे बाण आले. मला उपटून सभागृहाच्या गोदामात नेलं. तिथली खिडकी धड उघडी राहत नव्हती आणि धड बंदही होत नव्हती. तिला टेकण म्हणून मला लावलं. मला त्या खिडकीत माझं बालपण दिसलं.

यंदा एक्केचाळिसावं वर्ष. गोदामातच समितीची बैठक झाली. ताई म्हणाली, "गेल्या वर्षी बोळातल्या खड्ड्यात एकाचा पाय मुरगळला. रुग्णवाहिकेसाठी चालतो आणि त्यातच रुग्णवाहिका बोलवावी लागली. यंदा पूर्वीसारखं उजवीकडे, मोठ्या रस्त्याने जाऊ. बाईही ब्याण्णव वर्षांच्या झाल्या. त्यांना कशाला त्रास?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिला काळजीच होती. फक्त बाईंना कोणी विचारलं नाही.

चालण्याच्या सकाळी शिंपीमामा घडीची खुर्ची न्यायला गोदामात आले. मामा माझ्याशी बोलतात. एकदा माणूस तुमच्यावर अकरा किलोमीटर कण्हला की संकोच उरत नाही.

"काल बाईंचा स्वेटर द्यायला गेलो होतो रे," ते खुर्ची शोधत म्हणाले. "अंगणात टेबल मांडून ठेवलंय. पेनात शाई भरलीय. मला म्हणाल्या, 'उद्या तरी रमतगमत येऊ नकोस.' यंदा कोणी येणार नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. आणि माझी जीभ काही उचलली गेली नाही."

मग मामांनी मला खिडकीतून काढलं. खिडकी धाडकन आपटली.

त्यांना गोदामात खिळा सापडला एकच. हातोडी मिळाली नाही. तिठ्यावर पोचून त्यांनी पायातला बूट काढला आणि टाचेने मला खांबावर ठोकलं. जन्मभर सुई धरलेला माणूस. खिळ्यावर दोन घाव बसले, अंगठ्यावर पाच. माझं टोक बोळाकडे वळवून ते माझ्याखाली खुर्ची टाकून बसले.

लोक आले आणि थांबले. नारिंगी बाण म्हणत होता उजवीकडे, मी म्हणत होतो डावीकडे.

"उजवीकडे! सगळ्यांनी उजवीकडे!" ताईचा भोंगा वाजला.

"बाण इकडे म्हणतोय," मामा म्हणाले.

"मामा, तो जुना झालाय. टाकाऊ आहे तो."

"मी याच्यावर पडलो होतो तेव्हा मीही जवळजवळ टाकाऊच होतो. तुझ्या बापाने टाकलं का मला?"

ताईने भोंगा खाली केला. "अहो, पण बाईंना या वयात त्रास..."

"बाईंनी काल पेनात शाई भरलीय. तू विचारलंस त्यांना?"

ताईने बोळाकडे पाहिलं. चाळीस पावलांवर, स्वेटर घालून, टेबलामागे बाई ताठ बसल्या होत्या. गावाने दिलेलं घड्याळ समोर उभं करून ठेवलेलं. त्या फाटकाकडे पाहत होत्या, मग घड्याळाकडे, मग पुन्हा फाटकाकडे.

ताई पहिल्यांदाच न बोलता वळली. मग सगळे वळले. खड्ड्याभोवती दोन धट्टेकट्टे गडी उभे राहिले आणि एकेकाला हात देऊन पलीकडे नेऊ लागले.

"अकरा मिनिटे उशीर," बाई म्हणाल्या. "रांगेत या."

ताईच्या कार्डावर त्यांनी लिहिलं, 'विचारायला हवे होते.' ताईने ते वाचलं, डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हो, बाई."

सगळ्यात शेवटी मामा आले, लंगडत, कारण बुटाची टाच निघाली होती. काखेत मी. त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

"बाई, हा एक राहिलाय."

"हा चालत नाही."

"बत्तीस वर्षांपूर्वी आम्हाला इथे यानेच आणलं."

बाईंनी चष्मा सारखा केला. "पण मधली तीन वर्षं दिसला नाही."

"गोदामात होता. खिडकी धरून उभा होता."

बाईंनी विचार केला. मग मला पालथं केलं, पेन उचललं आणि माझ्या पाठीवर एकच शब्द लिहिला. 'हजर.' माझं लाकूड जुनं, शाई जरा पसरली. पण वाचता येतो.

संध्याकाळी ताई वडिलांची हातोडी आणि दोन खिळे घेऊन तिठ्यावर आली. एका खिळ्याने तिने मला बोळाकडे तोंड करून खांबावर ठोकलं. मामा बाजूला खुर्चीत होते.

"बाबा दोन मारायचे," ती म्हणाली.

"पहिल्यांदा त्यांनी एकच मारला होता," मामा म्हणाले.

ताईने हातातला दुसरा खिळा खिशात टाकला.

म्हणून मित्रांनो, मी अजून एकाच खिळ्यावर आहे. वारा आला की थोडा हलतो. मला पाहून वळण्याआधी लोक आता शेजारच्याला विचारतात, "इकडेच ना?" तुमच्याकडे एखादं न लागणारं दार असेल, एखादी डुगडुगणारी खुर्ची असेल, तर लगेच टाकून देऊ नका. आणि तुमच्या गावात एखादा बोळ असेल, चाळीसच पावलांचा, तर कधीतरी चुकून वळून बघा. तिथे कोणीतरी पेनात शाई भरून बसलेलं असू शकतं.