नऊ रेघांची गोष्ट

ताटली रिकामी असली की वजनकाट्याचा काटा शून्यावर उभा असायला हवा. त्या शनिवारी तो शून्याच्या पुढे नऊ रेघांवर उभा होता. एक रेघ म्हणजे पन्नास ग्रॅम. नऊ रेघा म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि ताटलीत तर काहीच नव्हते. ही गोष्ट घरात फक्त दोघांना ठाऊक होती. एक घड्याळवाले, आणि दुसरा मी.

मित्रांनो, मी बाळांचा जुना वजनकाटा आहे. माझे अंग लोखंडी, रंग पांढरा, आता कडांना थोडा उडालेला. वर खोलगट ताटली आहे, बाळ घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उचललेली. पुढे गोल तबकडी, आत एक स्प्रिंग आणि मागे काटा शून्यावर आणण्यासाठी एक पितळी स्क्रू. बस, एवढाच मी. पण ज्या कारागिराने मला जुळवले त्याने माझ्यावर वीस वेळा वजने ठेवली, वीस वेळा उचलली आणि मगच म्हटले, "हा खोटं बोलणार नाही." त्या वाक्याचा अभिमान मला आजही आहे.

माझी उमेदीची वर्षे एका प्रसूतिगृहात गेली. तिथल्या एका परिचारिकेने मला हाताळायला घेतले आणि माझे नशीब उजळले. सगळे तिला सिस्टर म्हणत. आधी ती माझ्यावर ऊबदार टॉवेल अंथरायची, मग स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायची, आणि मगच बाळ ठेवायची. रडणाऱ्या बाळामुळे काटा थयथय नाचतो. नव्या मुली घाईघाईत आकडा सांगायच्या. सिस्टर मात्र वाट पाहायची. "दोन रडण्यांच्या मध्ये बाळ श्वास घेतं, तेव्हा वाचायचं," ती त्यांना शिकवायची. त्या एका क्षणासाठी मी जीव मुठीत धरून बसायचो! बाहेर एखादा बाप नखे खात उभा असायचा. आकडा ऐकला की तो असा हसायचा, जणू ते वजन त्याने स्वतःच कमावले होते.

मग आकडे उजळणारे नवे यंत्र आले आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. तीन वर्षे एका मोडक्या खुर्चीखाली धूळ खाल्ली. सिस्टर निवृत्त झाली तेव्हा तिला सगळ्यांनी विचारले, निरोपाची भेट काय द्यायची? ती म्हणाली, "तो जुना वजनकाटा द्या." लोक हसले. मी हसलो नाही. माझी स्प्रिंग आनंदाने नुसती थरथरत होती.

सिस्टरच्या घरी मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. शेजारच्या टेबलावर तिचे यजमान घड्याळे दुरुस्त करायचे. आणि या दोन टेबलांवर ज्याची देखरेख होती, तो अकरा वर्षांचा राखाडी बोका म्हणजे मुकादम. तो कधी दाराबाहेर गेला नव्हता, पण घरात कोण काम करतो आणि कोण टाळतो यावर त्याची बारीक नजर असायची. पहिल्याच दिवशी तो माझ्या टॉवेलवर येऊन वेटोळे करून बसला. सिस्टरने तबकडीकडे पाहिले आणि एक वही काढली. मित्रांनो, मला पुन्हा काम मिळाले होते!

दर शनिवारी सकाळी दहाला मुकादमाचे वजन व्हायचे. चार किलो आठशे. तीन वर्षे वहीत हाच आकडा, फार तर एखादी रेघ इकडेतिकडे.

यंदा सिस्टरच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, बारीक वाचायचे नाही. तेव्हा वजन करण्याचे काम घड्याळवाल्यांकडे आले.

पहिल्या शनिवारी मी चार किलो सातशे दाखवले. त्यांनी तबकडीला कान लावला, जसा ते घड्याळाला लावतात.

"सिस्टर, तुमचा वजनकाटा म्हातारा झाला. स्प्रिंग थकली आहे. कमी दाखवतो."

"तीस वर्षांत एकदाही कमी दाखवलं नाही त्यानं."

"तीस वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावरही केस होते."

आणि त्यांनी मुकादम वर बसलेला असतानाच मागचा स्क्रू दोन रेघा फिरवला. "चार आठशे. मीच लिहितो."

मी आतल्या आत ओरडलो. अहो, घड्याळाची स्प्रिंग थकली तर घड्याळ मागे पडते, हे खरे. पण माझी स्प्रिंग थकली तर ती जास्त दबेल आणि वजन जास्त दाखवेल, कमी नाही! पण काट्याला बोलता येत नाही, त्याला फक्त दाखवता येते. आणि घड्याळवाल्यांच्या हाताला एकच सवय. मागे पडलेले घड्याळ दिसले की ते पुढे करायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

पुढच्या शनिवारी आणखी एक रेघ. त्याच्या पुढच्या, दोन. काम झाले की ते माझ्यावर कापडी अभ्रा घालायचे, त्यामुळे रिकाम्या ताटलीवर भटकलेला माझा काटा कोणाला दिसायचा नाही.

सिस्टरचे वाचणे बंद होते, हात चालू होते. ती मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवायची आणि थांबायची.

"अहो, याचा कणा हाताला लागतोय."

"वजन भरतंय ना?"

"पाण्याची वाटी दिवसातून दोनदा भरावी लागते."

"उकडतंय."

"जेवतो तर राक्षसासारखा. आणि फ्रिजवर आता थेट उडी मारत नाही, आधी खुर्चीवर चढतो. मला ऐकू येतं, दोन आवाज होतात."

"मुकादम आहे तो. साहेबाला पायरी लागते."

"दाखवून आणायचं का एकदा?"

"चार आठशे आहे, सिस्टर. चार आठशेच्या मांजराला घेऊन गेलो तर डॉक्टरीणबाई हसतील."

ती पुढे हट्ट धरायची नाही, कारण आकडा माझा होता आणि तिचा माझ्यावर विश्वास होता. मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून मोठा अपमान झाला नाही. अडगळीत निदान माझ्या नावावर कोणी खोटे लिहीत नव्हते.

घड्याळवाले दुष्ट नव्हते बरे का. कपाटावर एक वेताची टोपली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची जुनी मांजर त्या टोपलीतून दवाखान्यात गेली आणि टोपली रिकामी परत आली. तेव्हापासून टोपली खाली काढायची वेळ आली की त्यांना दुसरे काहीतरी काम आठवायचे. पहिल्यांदा स्क्रू फिरवताना त्यांना खरेच वाटले होते की मी बिघडलो. सहाव्यांदा फिरवताना त्यांची बोटे थरथरत होती. ते मला कळले. थरथर ओळखण्यासाठीच तर मी बनलो आहे.

आणि मग तो शनिवार उजाडला!

सकाळी साडेनऊला दार वाजले. लेक आली होती, सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन. थेट बाळाच्या तपासणीहून आली होती. "आई, डॉक्टर म्हणाले वजन मस्त वाढलंय. चार किलो दोनशे!"

"आजीच्या काट्यावर नाही झालं अजून," सिस्टर म्हणाली. तिला आता वाचायची, वाकायची आणि उचलायची परवानगी मिळाली होती. तिने स्वतः माझा अभ्रा ओढला आणि बोलण्याच्या नादात, आयुष्यात पहिल्यांदा, टॉवेल न अंथरता आणि शून्य न पाहताच बाळ माझ्यावर ठेवले.

बाळ! कित्येक वर्षांनी बाळ! गरम, वळवळणारे, मुठी आवळलेले! माझा काटा नाचला, गरगरला, बाळाने श्वास घेतला आणि मी थांबलो.

"चार सहाशे पन्नास," सिस्टरने वाचले.

"आई, दारापासून टेबलापर्यंत साडेचारशे ग्रॅम वाढलं? असं कोणतं दूध पाजलंस गं तू याला नजरेनंच?"

लेक हसली. सिस्टर हसली नाही. तिने बाळ उचलून लेकीच्या हातात दिले आणि चष्मा पुसून माझ्यावर वाकली. मी काटा दगडासारखा स्थिर धरला. पाहा. सिस्टर, पाहा! नऊ रेघा!

तिने बोटाने एकेक रेघ मोजली. मग मागच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. त्यावर तेलाचा नवा डाग होता, घड्याळाच्या तेलाचा.

"अहो."

घड्याळवाल्यांनी डोळ्याला लावलेले भिंग काढले नाही. "मागे पडत होता. मी फक्त पुढे केला."

"किती वेळा?"

"सहा."

सिस्टरने टॉवेल अंथरला, काटा शून्यावर आणला आणि मुकादमाला हाक मारली. तो आला, खुर्चीवर चढला, मग टेबलावर. दोन आवाज झाले. आता ते सगळ्यांनी ऐकले. तो माझ्यावर बसला. त्याची हाडे मला टॉवेलमधून टोचत होती आणि माझी छाती धडधडत होती, मला छाती नसली तरी.

"चार किलो तीनशे," तिने मोठ्याने वाचले. "पाचशे ग्रॅम गेले. दहावा हिस्सा." ती यजमानांकडे वळली. "नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं वजन दहाव्या हिश्शानं घटलं की आम्ही डॉक्टरांना जेवणावरून उठवायचो. हा भरपेट जेवून घटलाय. भरपूर पाणी पिऊन घटलाय. आणि आपण वहीत चार आठशे लिहीत बसलो."

"त्या टोपलीतून गेलेलं मांजर परत येत नाही, सिस्टर," ते हळूच म्हणाले.

"टोपलीनं काय केलं हो तिचं? आपण महिनाभर बघू बघू म्हणत होतो. डॉक्टरीणबाई तेव्हा काय म्हणाल्या होत्या, आठवतं?"

त्यांना आठवत होते, "फार उशीर केलात." त्यांनी भिंग टेबलावर ठेवले.

"दवाखाना एकपर्यंत उघडा आहे," लेक बाळाला थोपटत म्हणाली. "फोन लावू का, बाबा?"

मित्रांनो, तेवढ्या वेळात मला तुम्हाला काही सांगायचे आहे. घरातले मांजर दुखते म्हणून रडत नाही. ते फक्त पाण्याच्या वाटीपाशी जास्त वेळ थांबते. एका उडीच्या दोन उड्या करते. पाठीवरचे केस चाटायचे सोडून देते. कधी खूप खाते आणि तरी हलके होते, कधी खाणेच सोडते. त्यातले एक जरी दिसले तरी तारीख घालून लिहून ठेवा, आणि आकडा आवडला नाही म्हणून काट्याला हात लावू नका. घाबरायचे असेल तर खुशाल घाबरा, पण डॉक्टरांच्या दारात जाऊन घाबरा. आजार काय आहे हे मला ठाऊक नाही, ते माझे कामच नाही. मी फक्त वेळ झाली एवढे सांगू शकतो, आणि मी ते सहा आठवडे सांगत होतो.

घड्याळवाले उठले. माझ्याजवळ आले. मुकादमाच्या कण्यावरून त्यांनी दोन बोटे फिरवली, जशी ते दातेरी चाकावरून फिरवतात. प्रत्येक दात त्यांना लागला असणार. मग त्यांनी खुर्ची कपाटाशी ओढली, तिच्यावर चढले आणि टोपली दोन्ही हातांनी खाली काढली. तिच्यावरची धूळ माझ्या टॉवेलवर पडली. मला तिची एवढीशीही तक्रार नव्हती.

त्यांनी टोपलीचे झाकण उघडले, आत माझाच टॉवेल अंथरला आणि कोणाकडेही न पाहता, पण अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "फोन लाव, पोरी. आजच नेऊ. आत्ता."