कोहळ्याचं हृदयचक्र

बालाघाटच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी चाळीसेक बायका आणि सहा पुरुष प्लास्टिकच्या टबात पाय बुडवून, डोळे मिटून बसले होते. प्रत्येक टबात कोमट मिठाचं पाणी होतं. पाण्यात एका वायरीच्या टोकाला बांधलेली बोटभर लांबीची, भोकाभोकांची डबी सोडली होती, आणि वायरीचं दुसरं टोक पांढऱ्या यंत्राला जोडलेलं होतं. मागे बासरी वाजत होती. भिंतीशी नातेवाईक, शेजारी आणि नुसते बघे गर्दी करून उभे होते. त्यात मीही होते.

टबात बसलेले लोक रोगी नव्हते. ते सगळे हीलर होते. दुसऱ्यांची चक्रं उघडणारे, हात फिरवून ऊर्जा देणारे. आणि हे शिबिर होतं हीलरांच्या स्वतःच्या शुद्धीसाठी.

शिबिर घेणारे गुरुजी, ओजसप्रभजी, व्यासपीठावरून मऊ आवाजात बोलत होते. "आप दिनभर दूसरों का कचरा उठाते हो. उनका दुख, उनका क्रोध, उनकी जलन, सब आपके पैरों में जमा होता है. मैं पूछता हूँ, आपका कचरा कौन उठाएगा?"

मला सकाळी येणारी नगरपालिकेची गाडी आठवली. पण बायकांचे डोळे भरून आले होते. आजवर त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं.

वीस मिनिटांत चमत्कार झाला. टबांतलं स्वच्छ पाणी आधी पिवळट, मग तपकिरी झालं. वर फेस आला. दोन-तीन टबांत पाणी हिरवट झालं. भिंतीवरच्या तक्त्यात सगळ्याचा अर्थ दिला होता. तपकिरी म्हणजे लोकांचा राग, काळपट म्हणजे लोकांचं दुःख, हिरवं म्हणजे हृदयचक्रात अडकलेली माया. हॉलभर एक उग्र वास पसरला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "ये भय की गंध है. भय बाहर जा रहा है."

माझ्या नाकाला तो वास ओळखीचा होता. आमच्या मोहल्ल्यातल्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तेव्हा हेच भय विहिरीतून बाहेर पडतं.

मी आम्रपाली. बसस्टँडच्या मागे माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रोज लोकांचं रक्त आणि लघवी बघून बघून माझा भक्तिभाव जरा पातळ झाला आहे, हे कबूल करते. त्या दिवशी मी गेले होते ती मंजुषासाठी. आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिचा नवरा गजेंद्र मलाजखंडला तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन. आठवड्यातून एकदा घरी येतो. घरी ती आणि तिची सासू शांताबाई. तीन वर्षांपासून मंजुषा घरच्या पुढच्या खोलीत हीलिंग करत होती. कोणाकडून काही घेत नव्हती. लोक यायचे, रडायचे, ती तासन्‌तास ऐकायची, डोक्यावर हात ठेवायची, आणि लोक हलके होऊन जायचे. तिच्या मनात कपट तिळभरही नव्हतं. म्हणूनच तिला समजावणं अवघड होतं.

त्या दिवशी सगळ्यांत काळं पाणी मंजुषाच्या टबात निघालं. गुरुजींनी तिला उभं केलं. "देखिए. इस बहन ने सबसे ज्यादा पिया है, इसलिए सबसे ज्यादा निकला है." टाळ्या वाजल्या. मंजुषा लाजून हसली आणि उभ्या उभ्याच खुर्चीची पाठ धरून राहिली. तिला दम लागला होता.

तिचा थकवा मी सहा महिने बघत होते. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की थांबायची. ओठ पांढुरके पडले होते. गुरुजींनी निदान केलं होतं की रोग्यांची नकारात्मकता अंगात साठली आहे. उपाय म्हणून घरी एकवीस पादस्नानं करायला एक यंत्र दिलं आणि श्वेत आहार सांगितला. दूध, भात, बत्तासे. भाजी, डाळ, चणे बंद, कारण रंगीत अन्नानं आभा गढूळ होते.

मी एकदा म्हटलं, "मंजू, एक डाव रक्त तपासून घेऊ. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाई व. सुईनं आभामंडळाले छेद पडते. मंग तो भरून यायले चाळीस दिवस लागते."

"मंग लहानपणी टोचलेल्या लशीचं काय? ते भोक अजून उघडंच असन."

ती हसली, पण दंड पुढे केला नाही.

शिबिरानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी शांताबाईंचा फोन आला. त्या मूळच्या खैरलांजीकडच्या, धानाच्या बांधावर आयुष्य गेलेलं. फोनवर कमीच बोलायच्या. "बाई, तू ये. पोरगी न्हाणीत पडली. म्हणते चक्कर नाई, ऊर्जा फिरून राह्यली."

मी गेले तेव्हा मंजुषा पलंगावर बसून टबात पाय बुडवून होती. यंत्र चालू होतं. तिच्या मुठीत काहीतरी होतं, ते ती मधूनमधून तोंडात टाकत होती. कच्चे तांदूळ. अंगात रक्त कमी असलं की माणसाला असलं काही खावंसं वाटतं.

"कधीपासून खातेस?"

"दोन महिने झाले. मन होते बस."

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतली लाली जाऊन सगळं कागदासारखं पांढरं झालं होतं. पाळीचं विचारलं. ती आधी सांगेना. मग हळूच म्हणाली, "बारा-बारा दिवस चालते. पण गुरुजी म्हणाले, मूलाधार चक्र घाण फेकून राह्यलं. थांबवायचं नाई."

त्या क्षणी माझी थट्टा संपली. ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते, तर तिनं माझा राग पायात साठवून घेतला असता आणि पुढच्या टबात काढून दाखवला असता. मी खाली बसले.

"मंजू, हे पाणी तुझ्यामुळंच काळं होते न?"

"हौ. माह्यातून निघते."

"मंग तू पाय बाहेर काढ. पाणी बदलू. एक डाव तुझ्याशिवाय करून पाहू."

"माह्याशिवाय काहून?"

उत्तर शांताबाईंनी दिलं. त्या दारात लाल भोपळा घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात. संध्याकाळच्या भाजीला चिरायला घेतलं होतं. "तुले रिकामा टब नको वाटत असन तर याले बसव. यानं तर कोणाचं दुःख नाई ऐकलं."

आम्ही खिडकी उघडली, टब धुतला, तेवढंच पाणी, तेवढंच मीठ घातलं, आणि कोहळं आत बसवलं. यंत्र लावलं. तिघी बघत बसलो. पंधराव्या मिनिटाला पाणी पिवळं झालं, विसाव्याला तपकिरी. फेस आला. भयाचा वासही आला.

शांताबाई म्हणाल्या, "बापा, कोहळ्याले एवढा राग."

मंजुषा हसली नाही. तिनं कोहळं पाण्यात फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "बाजारात कितीक लोकायचे हात लागले असन त्याले."

"बरं. मंग कोहळं बी काढू."

टब पुन्हा धुतला. नुसतं मीठ, ताजं पाणी आणि यंत्र. पाणी तपकिरी.

"खोलीत माह्या रोग्यायची ऊर्जा असन," ती म्हणाली. पण आवाजात आता जोर नव्हता.

"मंग उलटं करू. पाणी बदलू, तू पाय घाल. मीठ घाल. फक्त यंत्र बंद ठेवू. तुझ्यातून निघत असन तर बिनवायरीचंही निघन."

ती अर्धा तास पाय घालून बसली. मध्ये एकदा डोळे मिटून तिनं मंत्रही म्हटला. पाणी तसंच राहिलं, अगदी तळ दिसण्याइतकं स्वच्छ. ती खाली वाकून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी त्या टबात पडत होतं.

मी वायरीच्या टोकाची डबी उघडून तिच्या तळहातावर ठेवली. आत लोखंडाच्या दोन गुंडाळ्या होत्या. एक धड होती. दुसरी कुरतडल्यासारखी झिजून अर्धी राहिली होती. "हे पाहा, तुझ्या रोग्यायचं दुःख. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की हे लोखंड विरघळते आणि त्याचा गंज होते. वास मिठातल्या क्लोरीनचा. शिबिरात मी पाहिलं, टब भरणाऱ्या मुलीनं तुझ्या टबात दोन मुठी मीठ टाकलं होतं, दुसऱ्यायच्या टबात एक. मीठ जास्त, वीज जास्त, गंज जास्त."

"आणि हिरवं?"

गजेंद्रला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "तांब्याची तार लावली असन त्यायनं. मी येताना दोन हात तार आणतो, घरीच हिरवं करून दाखवतो."

मंजुषानं डबी बाजूला ठेवली. तिला लाज वाटत होती हे मला दिसत होतं, आणि लाजेपेक्षा मोठं काहीतरी तुटत होतं तेही दिसत होतं. तीन वर्षं तिला वाटत आलं होतं की ती लोकांचं दुःख स्वतःच्या अंगावर घेते. ते खोटं ठरलं तर मग ती कोण?  शेवटी तिनंच दंड पुढे केला.

"घे," ती म्हणाली.

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक निघालं. निरोगी बाईचं बाराच्या वर असतं. मी मशीन दोनदा चालवलं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टर अपूर्वा यांच्याकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. साधीच होती, पण तीच दर महिन्याला तिचं रक्त सांडत होती. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, लोहाची इंजेक्शनं झाली, नंतर ऑपरेशन. डॉक्टर म्हणाल्या, आणखी महिनाभर श्वेत आहार चालला असता तर सांगता येत नव्हतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर मंजुषानं पहिलं काम केलं ते मला अपेक्षित नव्हतं. मला घेऊन ती दुलीचंदकडे गेली. तो कटंगीच्या बसवर कंडक्टर. दोन महिन्यांपासूनच्या खोकल्यासाठी तिच्याकडे येत होता, आणि ती त्याचं गळ्यातलं विशुद्धी चक्र मोकळं करत होती.

"दुलीचंद भाऊ," ती त्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "मले काई येत नव्हतं. मी तुमचा वेळ घालवला. उद्या सरकारी दवाखान्यात चला, थुंकी तपासा. मी सोबत येतो."

"ताई, मले तर तुमच्या हातानं बरं वाटते."

"बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, भाऊ. हे मले बी आताच समजलं."

क्षयच निघाला. औषधं सुरू झाली. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मंजुषा जे रडली, ते कुठल्याही टबात मावलं नसतं.

दोन महिन्यांनी ओजसप्रभजी पुन्हा आले. तेच मंगल कार्यालय, तीच बासरी. त्यांनी मंजुषाचे लाल झालेले ओठ पाहिले आणि आनंदानं तिला व्यासपीठावर बोलावलं. "देखिए, इक्कीस स्नान का तेज."

मंजुषानं माईक घेतला.  "गुरुजी, मी एक नवीन हीलर आणली आहे. तिची बी शुद्धी करा." आणि पिशवीतून कोहळं काढून टबात बसवलं. डबी तिनं घरूनच आणली होती. आत गजेंद्रची तांब्याची तार होती.

गुरुजी हसत म्हणाले, "बहनजी मजाक अच्छा करती हैं." पण लोक पुढे सरकले होते. यंत्र सुरू झालं. पाणी हिरवट होऊ लागलं. मागून कोणीतरी तक्ता वाचला, "हिरवं म्हणजे हृदयचक्रात अडकलेली माया."

सगळा हॉल हसला. गुरुजीही सावरले. "सब्जी में भी प्राण होता है. कोहळे का भी हृदय होता है."

"असन," मंजुषा म्हणाली. "आता कोहळं बी काढतो." तिनं ते उचलून बाजूला ठेवलं, पाणी बदललं, आणि रिकाम्या टबात माया पुन्हा हिरवी झाली. मग तिनं डबी उघडून तार आणि लोखंडाची झिजलेली गुंडाळी दोन्ही हातांत धरून दाखवली, आणि स्वतःचे दोन रिपोर्ट वाचून दाखवले, आधीचा आणि नंतरचा. कोणाला नावं ठेवली नाहीत. गुरुजींना फोन आला आणि ते बोलत बोलत मागच्या दारानं गाडीकडे गेले.

बायका लगेच उठल्या नाहीत. एक वयस्कर हीलर टबातले पाय न काढताच म्हणाली, "मंग आमी थकतो ते काहून?"

मंजुषा तिच्याजवळ खाली बसली. "ताई, घरचं करता, मंग दिवसभर लोकायचं ऐकता. माणूस थकनच. झोपा, पोटभर जेवा, आणि एकदा रक्त तपासा." त्या आठवड्यात माझ्या लॅबमध्ये एकोणीस हीलर आल्या. अकराजणींचं रक्त कमी निघालं.

मंजुषाच्या पुढच्या खोलीत लोक अजूनही येतात. ती ऐकते. हात हवेत फिरवत नाही, लोकांचा हात हातात घेते, आणि ज्याला गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत सोडून येते. तिच्या ऐकण्यात गुण होताच. खोटा होता तो फक्त टब.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कोणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवलं, तर भांडू नका, टाळ्याही वाजवू नका. नम्रपणे म्हणा, हेच आता मी बाजूला बसल्यावर करून दाखवा. खऱ्या गोष्टीला या प्रश्नाची भीती नसते. आणि दम लागत असेल, खोकला जात नसेल, रक्त थांबत नसेल, तर शरीर काहीतरी सांगत असतं. ते आधी डॉक्टरला ऐकू द्या.