दोन बेटांची दोन कबुतरं

पक्षिसंग्रहालयाच्या साहेबांच्या नावावर जगात एकच गोष्ट जमा होती: एक कबुतर. त्यांच्या गुरुजींनी उत्तरेच्या बेटावरच्या जंगलातून जांभळ्या मानेचं हिरवं कबुतर आणलं होतं. साहेबांनी दक्षिणेच्या बेटावरून मळकट तपकिरी आणलं, नवी जात म्हणून त्याला आपलं नाव चिकटवलं आणि पुढची तीस वर्षं दोघांची तुलना करून पोट भरलं. हिरवं उमदं, तपकिरी बुजरं. हिरवं हुशार, तपकिरी कष्टाळू. मेलेल्या पाखराची हुशारी मोजली कशी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

खरं तर पाखराचं पोट उघडून नर की मादी तेही बघायचं असतं. पण रक्त दिसलं की साहेबांना घेरी येई. शिवाय गुरुजी शिकारीला पहाटे निघत, आणि साहेबांचा दिवस दहाच्या आत कधी उजाडला नाही.

निवृत्तीआधी त्यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघणार होती. तिच्यासाठी जिवंत पाखराचा फोटो हवा, म्हणून साहेब बायकोला घेऊन दक्षिणेच्या बेटावर गेले. चढण चढून दमलेल्या बाईंनी आपली लाल टोपी फांदीला अडकवली. शेजारीच घरटं होतं आणि त्यात अंड्यावर बसलं होतं हिरवं कबुतर!

"मेला घुसखोर," साहेब पुटपुटले आणि त्यांनी फोटो काढला. दुपार कलल्यावर तपकिरी आलं. हिरवं निमूट उठलं, तपकिरी बसलं.

"अहो, ही तर नवराबायको!" बाई म्हणाल्या. "दिवसाची पाळी त्याची, रात्रीची तिची. तुम्ही उठेपर्यंत तो अंड्यावर बसलेला. म्हणून पहाटे निघणाऱ्या गुरुजींना तो सापडला आणि तुम्हाला दरवेळी तीच."

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. जात गेली की नाव गेलं. मग मागे उरणार काय, तर तीस वर्षांची झोप!

"कुठे बोलू नकोस गं," त्यांनी चक्क हात जोडले.

बाईंना हसू आलं, कीवही आली. "मी कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. साहेब तपकिरीचा फोटो काढायला वळले. टोपी तिथेच होती, बाईंनी ती काढली नाही.

आवृत्ती निघाली. समोरासमोरच्या पानांवर दोन फोटो, खाली दोन बेटांची नावं. प्रकाशनाला नव्वदीचे गुरुजी पहिल्या रांगेत भिंग घेऊन बसले होते.

"तुलना झकास आहे हो," ते भरसभेत म्हणाले. "एवढंच सांगा, दोन्ही बेटांवर झाडाला लाल टोप्या लागतात का?"

साहेबांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"मी कुठे काही बोलले?" बाई म्हणाल्या.