फोटोचा दिवस

रॉइस टॅकेटनं दातांनी पेनाचं टोपण काढलं, कार्डावरच्या चेहऱ्यावर आडवी सही ठोकली आणि खाली नेहमीची ओळ लिहिली : हे गाढव मी नव्हे.

"अस्संच पाहिजे होतं!" रांगेतला लठ्ठ गृहस्थ खूश झाला. "नुसत्या सहीला कोण विचारतो?"

हे खरंच होतं. रॉइस अठरा वर्षं बेसबॉल खेळला, अकरा संघांकडून. दुसऱ्या बेसवर, तिसऱ्या बेसवर, जिथला माणूस लंगडत असेल तिथे त्याला उभं करत. मोठ्या लीगमध्ये सदतीस सामने, तेही एकाच उन्हाळ्यात. च्युइंग गमच्या पाकिटात खेळाडूंच्या फोटोंची कार्डं यायची, त्यात त्याचं कार्ड निघालं तेही त्या एकाच वर्षी, आणि त्यावर फोटो दुसऱ्याचा होता.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये, फ्लोरिडातल्या सराव शिबिरात फोटोवाला आला त्या सकाळी रॉइसचं डोकं आदल्या दिवशीच्या बिअरनं ठणकत होतं. त्यानं आपला शर्ट खोलीतल्या सोबत्याच्या, लायल हॅनिगनच्या अंगावर फेकला. म्हणाला, "जा रे, उभा राहा माझ्या जागी. कोणाला कळतंय?"

कोणालाच कळलं नाही. पुढच्या वर्षी फोटोवाल्यानं रॉइसला शोधलंही नाही.

ती ओळ तो आधी चिडून लिहायचा, नंतर लोक मागतात म्हणून. आज मात्र ओहायोतल्या या छोट्या संघानं जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी नवं कार्ड छापलं होतं, त्याच्या तरुणपणच्या खऱ्या फोटोचं. त्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर होता. अजून कोणी त्याला हात लावला नव्हता.

लठ्ठ गृहस्थाच्या मागे, रांगेत शेवटी, एक वयस्क बाई होत्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातलं जुनं कार्ड पुढे ठेवलं. त्यावर सही होती. ओळही होती.

"हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"अक्षर तर माझंच आहे, बाई."

"बारा वर्षांपूर्वी पोस्टानं पाठवलं होतं तुम्हाला. सोबत पत्रही होतं."

"पत्रं फार यायची हो," रॉइस म्हणाला. वर्षाला चार यायची. तो कार्ड तेवढं काढून घ्यायचा.

"मी लायलची बायको. आर्डिस."

रॉइसनं टोपी काढली. "कसा आहे गडी?"

"मार्चमध्ये गेला."

बाजूला कोणीतरी शेंगदाणे फोडत होतं, ते थांबलं.

"त्या फोटोनंतर आठवड्यात त्याला घरी पाठवलं," आर्डिस म्हणाल्या. "एक सामना मिळाला नाही. पण सांगायचा, मला काढणार याची रॉइसला आधीच कुणकुण लागली होती, म्हणून त्यानं मुद्दाम मला उभं केलं. निदान एक फोटो तरी राहावा म्हणून. फार मोठ्या मनाचा माणूस, म्हणायचा."

रॉइसनं टोपी टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"हे परत आलं तेव्हा... काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, हा पहिल्यापासून असाच." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मग ते कधी कोणाला दाखवलं नाही. आता त्याच्या शाळेनं काचेच्या कपाटात जागा दिलीय. एवढं पुसून द्या, म्हणजे झालं."

रॉइसनं कार्ड पाकिटातून काढलं. अंगठ्याला थुंकी लावून घासलं. मग शर्टाच्या टोकानं. ओळ होती तशीच राहिली, लायलच्या हनुवटीचा रंग मात्र गेला. त्यानं हात आवरला.

"कोरं आहे का रे कोणाकडे?" तो सह्या घेऊन बाजूला रेंगाळलेल्यांकडे पाहून ओरडला. "जुनं, कोरं?"

चार हात पुढे आले. चारही कार्डांवर गाढव होतं.

"तुमच्याकडे नसेल एखादं?" आर्डिसनी विचारलं.

"होती, बाई. लिहीत गेलो."

पुढे काय करावं ते न सुचून त्यानं गठ्ठ्यातलं नवं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. आर्डिसनी ते हात लांब करून धरलं. चष्मा पर्समध्येच होता. बाहेर आलेले कान, नीट बसवलेली टोपी, सावरून हसणारा एक पोरगेला चेहरा.

"हा कोण?"

रॉइसनं पाहिलं.

"हा?" तो म्हणाला. "हा फोटोच्या दिवशी आलाच नव्हता."