उन्हात काढलेली खुर्ची

बसा, बसा. दचकू नका, मी खुर्चीच बोलतेय. चाकाची, फिरणारी, काळ्या रेक्झिनची. माझ्या पाठीवर काहीतरी छापलंय. ते माझं नाव असेल, नाहीतर कंपनीचं. मला वाचता येत नाही आणि आजवर कोणी वाचून दाखवलं नाही.

जन्माचं विचारू नका, तेव्हा मी खोक्यात होते. डोळे उघडले ते जळगावात, एका बँकेच्या साहेबाखाली. साहेबांनी काम किती केलं माहीत नाही, पण माझ्यावर गोल गोल फार फिरले. त्यांची बदली झाली आणि मी जुनं फर्निचर विकणाऱ्या अय्युबभाईंच्या दुकानात आले. त्यांनी एक चाक बदललं, फडकं मारलं आणि ‘नवीनच समजा’ म्हणून मला जितेंद्र सरांच्या गळ्यात मारलं. मी आतल्या आत हसले.

सरांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तिथे वेबसाइट बनवतात. नियम एकच, जो सगळ्यात नवा त्याला मी. कारण मला उंच धरणारा, पायातला गॅस तेव्हाच सुटलेला. मी त्याचा खेळ केला. माणूस बसला की थोडा वेळ गप्प राहायचं. त्याचं मन कामात लागलं की हळूहळू खाली जायचं. अर्ध्या तासात त्याची हनुवटी टेबलाला टेकते, तरी त्याला कळत नाही. भूपेंद्र म्हणून एक होता, तो रोज मला शिव्या द्यायचा. पुण्याला नोकरी लागली तेव्हा जाताना लाथ मारून गेला. बोट त्याचंच सुजलं.

मग आली नूतन. साक्रीकडच्या गावातली, नुकतीच विद्यापीठातून निघालेली. पहिल्या दिवशी मी तिलाही खाली नेलं. तिने शिवी दिली नाही. बुडाखाली बॅग घातली आणि म्हणाली, “आजी, किती खाली नेशील?”

आजी! कोणी असं म्हटलं नव्हतं. तरी खाली न्यायचं काही मी सोडलं नाही.

पण तिचं काम बघून माझी चाकं थिजायची. समोर नुसता पांढरा पडदा. ती दोन बोटं हलवायची आणि तिथे रंग उतरायचा, चित्र बसायचं, दारं उघडायची. एक दार दाबलं की आत दुसरी खोली. विटा नाहीत, गवंडी नाही, आणि पोरगी बसल्या जागी घर बांधतेय! मी पुष्कळ माणसं अंगावर घेतली, असं कोणी पाहिलं नाही.

तीन महिने बघू, मग ठेवायचं की नाही सांगू, असं सरांनी तिला सांगितलं होतं. ठेवलं नाही तर साक्रीला परत जाऊन मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं. फोनवर ती आईला सांगायची, “माय, आठे बठ्ठं बरं शे, तू कायजी करू नको.” इथे सगळं बरं आहे म्हणायची आणि फोन ठेवून माझा हात इतका घट्ट धरायची, की मला तिचं खरं कळायचं.

त्या तीन महिन्यांतलं शेवटचं काम आलं पहूरच्या उखर्डू आबांचं. त्यांची केळीच्या रोपांची नर्सरी. शेतकऱ्यांनी मोबाइलवर रोपं बघावीत आणि आबांना फोन लावावा, एवढीच मागणी. सर म्हणाले, एकदम क्लीन पाहिजे. नूतनने तसंच केलं. भरपूर पांढरी जागा, त्यात नाजूक, राखाडी अक्षरं. सर खूश झाले.

मे महिन्यात आबा बघायला आले. पाहुण्याला बसायला चाकाची खुर्ची, म्हणून त्यांना माझ्यावरच बसवलं. मी माझा खेळ केला. आबा बोलत बोलत टेबलाखाली गेले, पण माणूस भला, काही म्हणाले नाहीत. मोठ्या पडद्यावर बघून मान हलवली, मग खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, त्यावर तेच पेज लावून घेतलं आणि गॅलरीत उन्हात जाऊन उभे राहिले. परत आले ते चेहरा पाडून.

“पोरी, इथं त कोरा कागद दिसू रायला मले.”

वर म्हणाले, माझं गिऱ्हाईक बांधावर उभं राहून फोन बघतं, कूलरसमोर बसून नाही. सरांचं तोंड उतरलं. हे काम दुसऱ्याला देतो, असं सर पुटपुटले. नूतन उभी राहिली. “आबा, मला दोन दिवस द्या.” आबांनी सरांकडे पाहिलं आणि दिले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सगळे कूलरला चिकटलेले आणि ही मला ढकलत गॅलरीकडे निघाली. उंबऱ्यात माझं चाक अडकलं, तिने उचलून बाहेर काढलं. देवा! इतकी वर्षं मी छत बघितलं, आभाळ असं असतं हे ठाऊकच नव्हतं. जळगावचं मे महिन्याचं ऊन. माझं रेक्झिन तव्यासारखं तापलं. ती डोक्याला ओढणी बांधून त्यावरच बसली. मांडीवरच्या लॅपटॉपवर अक्षरं जाड काळी केली, मोबाइल लांब धरून बघितला, पुन्हा मोठी केली. निम्मी वाक्यं तर काढूनच टाकली.

मग जिना झाडणाऱ्या लताबाईंना बोलावून माझ्यावर बसवलं आणि फोन हातात दिला. “मावशी, यातून आबांना फोन कुठून लावायचा, शोधा.”

“मले वाचता येत नही, बाई.”

“म्हणूनच तर तुम्हाला विचारतेय.”

मी हादरलेच. अडाण्याला विचारून घर बांधणारी मी पहिल्यांदा पाहिली. लताबाईंनी दोनदा भलतंच दाबलं. नूतन काही सांगत नव्हती, नुसती त्यांचं बोट बघत होती. बोट जिथे आधी गेलं, तिथे तिने हिरवा, तळहाताएवढा वाटावा असा चौकोन आणून ठेवला आणि त्यात फोनचं चित्र काढलं.

ठरल्या दिवशी आबा आले. त्यांना गॅलरीत उभं केलं, सर दारात. लताबाई माझ्यावर, भर उन्हात. मी खाली जायचंच विसरले. लताबाईंनी मोबाइल बघितला आणि ठप्पकन बोट ठेवलं.

आबांचा खिसा वाजला.

समोर बाई बसलेली दिसतेय, तरी आबांनी फोन कानाला लावला. “हॅलो, कोन?”

“रोपं हायेत का?”

“हायेत. किती पाहिजे?”

“जागा नही माह्याकडे. नुसतं विचारू रायली.”

आबा इतके हसले की ठसका लागला. सर हसले नाहीत. ते हिरव्या चौकोनाकडे बघत राहिले, मग नूतनला म्हणाले, सोमवारपासून तुझं टेबल खिडकीजवळ. तिने तिथूनच साक्रीला फोन लावला.

तिला नवी खुर्ची मिळाली. माझं रेक्झिन उन्हाने तडकलंय, पोटातला फोम बाहेर आलाय. भंगारवाला दोनदा न्यायला आला, दोन्ही वेळा तिने त्याला परत पाठवलं. आता मी गॅलरीतच असते. कुठलंही नवं पेज तयार झालं की आधी इथे येतं, आणि जिन्याने येणाऱ्या कोणालातरी माझ्यावर बसवलं जातं.

तर कधी दुसऱ्या मजल्यावर आलात, तर बसा. मी थोडी खाली नेईन, तेवढं चालवून घ्या. वाचता येत असेल तर जरा थांबा. येत नसेल तर सरळ पुढे या, ती तुमचीच वाट बघतेय.