जावयाने लावलेला इन्व्हर्टर

आपला जावई कधी ना कधी खोटं बोलणारच, तो कधी आणि कशाबद्दल बोलतोय तेवढं फक्त पकडायचं असतं, असं काकूंचं पहिल्यापासूनचं मत.

काकू म्हणजे टाकीवाल्या काकू. शोभेचे मासे वाढवायचे आणि दुकानदारांना द्यायचे, हा त्यांचा धंदा. घरामागे लांबच्या लांब पत्र्याची शेड, आत काचेच्या टाक्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येक टाकीत एक बारीक नळी आणि त्या नळीतून सतत बुडबुडे. बुडबुडे थांबले की खेळ खलास. मोठे मासे थोडा दम धरतात, पिल्लांना तेवढाही धीर नसतो. आणि काकूंच्या घरापर्यंत विजेची तार कधी आलीच नव्हती. छपरावर सोलरची पॅनलं, कोपऱ्यात बॅटऱ्या, आणि शेडच्या भिंतीवर इन्व्हर्टर. बॅटरीतली वीज पंपाला चालेल अशी करून देणारा डबा. सगळा संसार त्या एका डब्याच्या जिवावर.

तो डबा जावयाने लावला होता.

लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा काकूंनी विचारलं, तुम्ही नेमकं करता काय. सोलर बसवतो, म्हणाला. मग आमच्याकडे बसवा, बघू तरी, असं काकू म्हणाल्या आणि पोराने खरंच बसवलं. आधीचा धडधडणारा जनरेटर गेला, शेड शांत झाली. काकूंनी विचारलं, किती टिकेल? तर छाती पुढे काढून म्हणाला, "बारा वर्षं हात लावावा लागणार नाही, आई." पोरगी बाजूला उभी राहून त्याच्याकडे असं बघत होती, जसा काही सूर्य यानेच आणून वर टांगलाय.

आता पाच वर्षं झाली होती. डबा चालू होता. मग तक्रार कसली? तक्रार हीच, की हात लावावा लागणार नाही म्हणाला आणि दर दोन-चार महिन्यांनी येऊन स्वतःच हात लावत होता.

यायचा, खांद्याला बॅग. म्हणायचा, फॅन साफ करून घेतो, धूळ बसते. मग हळूच, आई, तुम्ही जरा वर जाऊन पॅनल पुसून घेता का, म्हणजे दोन्ही कामं एकदम होतील. काकू फडकं घेऊन शिडी चढायच्या. गुडघे कुरकुर करायचे. खाली शेडचं दार लागायचं आणि बुडबुड्यांचा आवाज बंद व्हायचा. काकूंना तो आवाज ऐकू येतो हे कधी लक्षातच यायचं नाही, बंद झाला की मात्र कान फाटायचे. फॅन पुसायला एवढा वेळ? मग आवाज परत यायचा, आणि जावई घाम पुसत, हसत बाहेर.

एकदा त्याच्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती. आत हिरवं कार्ड, त्यावर बारीकसारीक भाग चिकटवलेले. हे काय, असं काकूंनी सहज विचारलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे, म्हणाला. पण म्हणाला जमिनीकडे बघून.

तिथे काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

मोठ्या बहिणीला फोन केला तर तिने तेलच ओतलं. तिच्या शेजारणीच्या फ्रिजचं असंच झालं होतं म्हणे. आतला चांगला माल काढून नेतात, कुठलं तरी भंगार बसवतात, वरचा डबा तोच, कळणार कसं? जावई झाला म्हणून काय झालं, असंही म्हणाली. काकूंनी तिला झापलं, माझ्या जावयाबद्दल असं बोलायचं नाही. फोन ठेवला आणि पोरीची जुनी नेलपॉलिश शोधायला लागल्या.

इन्व्हर्टरच्या झाकणाला स्क्रू होते. प्रत्येकाच्या डोक्यावर आणि थोडा पत्र्यावर असा लाल ठिपका दिला. स्क्रू फिरला की ठिपका तुटणार. पुढच्या वेळी जावई आला, दार लावलं, फॅन साफ केला, गेला. काकू चष्मा लावून बघतात तर सगळे ठिपके तुटलेले. रात्री पोरीला फोनवर आडून विचारलं, डबा उघडला होता का गं त्याने? पोरीने त्याला विचारलं. मागून त्याचा आवाज आला, छे, उघडतोय कशाला, बाहेरूनच ब्रश मारला.

आता कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल शंकाच उरली नाही.

हे सगळं एरवी काकूंनी पोटात ठेवलं असतं. जावयाशी भांडून पोरीला मध्ये कोण चिरडणार. पण नेमकी तेव्हाच पोरीने गोष्ट काढली. भाड्याची जागा सोडतोय, तुझ्याकडेच येऊन राहतो, तो बाहेरची कामं बंद करेल आणि तुझ्यासोबत शेड बघेल, तुझे गुडघे आता शिडीचे राहिलेत का? घरमालकाला सांगायचंय, तुझं काय ते लवकर कळव.

काकूंना हो म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की त्याचीच भीती वाटायला लागली. एकटीने टाक्या घासून घासून जीव विटला होता. पण शेड हातात द्यायची म्हणजे गळाच हातात द्यायचा. आणि हा माणूस साधा फॅन पुसताना खोटं बोलतो.

म्हणून जावई लांबच्या कामावर गेलाय बघून त्यांनी बाजारातल्या रिपेरवाल्याला घरी बोलावलं. जाड भिंगाचा चष्मा, तोंडात सुपारी, बोलणं कमी. काकूंनी जावयाचं नाव काढलं नाही. मशीन कसं आहे तेवढं सांगा, म्हणाल्या. त्याच्यावरही भरवसा नव्हताच, दोघं एकाच धंद्यातले. तो झाकण काढायला लागला तशा काकू त्याच्या पाठीला चिकटून उभ्या राहिल्या.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही उजेडात उभ्या आहात. मी काही चोरलं तर मलाच दिसायचं नाही."

काकू बाजूला झाल्या. त्याने डबा बंद केला आणि शेड गप्प झाली. थोड्या वेळात वरच्या टाकीतले मासे पृष्ठभागाला आले, तोंडं उघडमीट करायला लागले. लवकर बघा, काकू म्हणाल्या. तो टॉर्च मारून आत बघत होता. बोट लावलं, वास घेतला, मान हलवली. मग झाकण बसवून चालू केला. बुडबुडे आले.

किती वर्षांचा आहे, त्याने विचारलं. पाच, काकू म्हणाल्या. डबा पाचाचा असेल, तो म्हणाला, आतलं नाही. कार्ड नंतर बदललंय, त्यावरचे कपॅसिटर त्याहून नवे आहेत, फॅन तर परवाचा वाटतो.

"म्हणजे चांगलं चोरून भंगार बसवलंय?"

"जुनं काढून नवं बसवलंय. असली चोरी कोण करतो, मावशी? मला पत्ता द्या त्याचा."

मग हात धुता धुता तो एरवीपेक्षा जास्त बोलला. तार असलेल्या घरात इन्व्हर्टर अधूनमधून कामाला लागतो, इथे तो रात्रंदिवस जुंपलेला. तरी कोरड्या, सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी चांगला डबा आठ-दहा वर्षं जातो, नशीब असेल तर बारा. स्वस्तातला तीन-चारला मान टाकतो. आणि तुम्ही तो टाक्यांच्या वाफेत लावलाय. काचेवर बघा, पाणी ओघळतंय. ते आतही जातं, कार्ड गंजतं. इथे तीन वर्षं टिकला तरी खूप. हा एकदा तरी मेलेला आहे, बहुतेक दोनदा. इथे लावायचं कुणाच्या डोक्यातून आलं?

ते काकूंच्याच डोक्यातून आलं होतं. जावई व्हरांड्यात लावू म्हणत होता. काकू म्हणाल्या होत्या, बाहेर कोण काढून नेईल सांगता येत नाही, मला माझ्या डोळ्यांसमोर हवा.

रिपेरवाला गेला. काकूंना खरं तर हलकं वाटायला हवं होतं. जावई चोर नाही, उलट गुपचूप पदरचं घालून डबा जगवतोय. पण मेलेला आहे, हा शब्द काही डोक्यातून जाईना. मेला म्हणजे कधी?

दोन वर्षांपूर्वी काकू बहिणीकडे गेल्या होत्या. टाक्या पोरीवर आणि जावयावर सोडून. परत आल्या तर सगळ्या टाक्यांतली पिल्लं मरून पांढरी पडलेली. काळ्या शेपटीची ती जात काकूंनी कितीतरी खटपटीने जमवली होती. जावई म्हणाला, आई, तुम्ही जायच्या आधी पाणी बदललंत ना, त्यात काहीतरी गेलं असेल. काकूंनी ते खरं मानलं. बादल्या फेकल्या, पिंप उकळत्या पाण्याने धुतलं, हात नाकाला लावून लावून वास घेतला. आणि ती जात परत कधी धरलीच नाही. आपल्या हाताला आता यश नाही, असं समजून.

काकूंनी जावयाला फोन केला. डबा कुरकुर करतोय, येऊन जा.

तो आला, बॅग घेऊन. पॅनल पुसून घेता का, म्हणाला. पॅनलं आज स्वच्छ आहेत, काकू म्हणाल्या, आणि स्टूल ओढून शेडच्या दारातच बसल्या. तो ब्रश काढून बाहेरून झाडल्यासारखं करायला लागला. काकू म्हणाल्या, उघडा. तो म्हणाला, उघडायची गरज नाही. काकू म्हणाल्या, मी दुसऱ्याकडून उघडून बघून घेतलंय, जावईबापू, आता तुम्ही उघडलंत काय आणि न उघडलंत काय.

तो पालथ्या बादलीवर बसला. बराच वेळ ब्रशचे केस मोजल्यासारखे चाळवत राहिला. मग सुरू झाला. बारा वर्षं सांगून बसलो होतो, सगळ्यांसमोर. तिसऱ्याच वर्षी बंद पडला. वाटलं एकदा गुपचूप बदलू, कुणाला कळायचं नाही. मग परत बिघडला. मग ते तसंच चालू राहिलं.

"पिल्लं कशाने गेली?" काकूंनी विचारलं.

त्याने ब्रश खाली ठेवला.

"पाण्याने गेली का?"

"नाही. डब्याने. आम्ही दोघं बाहेर गेलो होतो, आलो तर बंद होता."

"आणि मी पिंप उकळत बसले."

"हो."

काकू ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या टाक्यांकडे बघत बसल्या. पोरीला माहीत होतं का, विचारलं. नाही, म्हणाला, आणि हे जरा जास्तच चटकन म्हणाला. संध्याकाळी काकूंनी पोरीला फोन करून सगळं सांगितलं. ती नुसती ऐकत राहिली. एकदाही, काय सांगतेस आई, असं म्हणाली नाही. काकूंनी ते बरोबर टिपलं आणि पोटात ठेवलं.

पण त्याआधी, जावई निघायच्या वेळी, काकूंनी त्याला एकच गोष्ट विचारली होती. हा आता किती टिकेल? तो तोंड उघडून थांबला. आकडा ओठांवर आला होता, काकूंना दिसत होता. मग म्हणाला, माहीत नाही. इथेच राहिला तर वर्षभर. बाहेर कोरड्यात हलवला तर बरीच वर्षं, पण किती ते माहीत नाही.

राहायला या, काकू म्हणाल्या. शेडचं मग बघू.

आले. जावयाने डबा व्हरांड्यात हलवला, काकूंनी शेजारी खाट टाकली, चोराची धास्ती काही गेली नव्हती. शेडमध्ये त्याला अजून पाहुण्यासारखंच वागवायच्या. पाणी बदलायला द्यायच्या, पिल्लांना हात लावू द्यायच्या नाहीत. घरात तिघं असून जेवताना चमच्यांचाच आवाज जास्त.

मग एका दुपारी काकू आत कपड्यांच्या घड्या घालत असताना व्हरांड्यातून त्याची हाक आली. चांगली मोठ्याने, शेजारपाजारला ऐकू जाईल अशी.

"आई, बंद पडलाय. कार्ड उडालंय. माझ्याकडे दुसरं नाही."

काकू धावल्या. पोरीला स्कूटरवर बाजारात पिटाळलं, रिपेरवाल्याकडे असेल ते कार्ड घेऊन ये. शेड गप्प होती. मासे वर यायला लागले होते. जावयाने पाण्याचा मग उचलला, टाकीतलं पाणी भरून उंचावरून परत टाकीत ओतायला लागला, हवा मिसळावी म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, काकूंना बघूनच उचललं असणार. काकूंनी दुसरा मग घेतला. एक टाकी, दुसरी टाकी, परत पहिली. दोघांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

पिल्लांच्या टाकीपाशी तो थांबला आणि त्याने काकूंकडे बघितलं.

"ओता," काकू म्हणाल्या. "हळू, कडेने."

तो कडेने ओतायला लागला. काकू दोन टाक्या पुढे गेल्या, मग मान वळवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"खरंच बंद पडलाय ना?" त्या म्हणाल्या. "का मला दाखवायला बंद केलात?"

जावई वाकूनच होता. म्हणाला, "शंका असेल तर ओतू नका."

काकूंनी आपला मग भरला.