बर्फावरची गाबोळी

इंद्रभान मुंबईला काविळीने गेला. तार इंझोरीला पोचली तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं. पुंजाजी आणि चंपाबाई, दोघांनाही पोराचं तोंड शेवटचं पाहायला मिळालं नाही. पंजाबराव त्याच गावचा, मुंबईत सरकारी कचेरीत कारकून. इंद्रभान त्याच्या खोलीवर राहायचा. पंजाबरावनेच त्याला इस्पितळात नेलं, त्यानेच अग्नी दिला, आणि कपड्यांची ट्रंक घेऊन तो गावी आला. विहारात वंदना झाली, लोक येऊन बसून गेले. चंपाबाई रडली ती तेवढीच.

इंद्रभान त्यांचा एकुलता मुलगा. धाकटी बेबीताई लग्न होऊन केनवडला गेलेली. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर गिट्टी फोडता फोडता इंद्रभानचे हात सोलून निघाले. तेव्हा तो मुंबईला गेला आणि समुद्रासमोरच्या एका बड्या हॉटेलात भांडी घासायला लागला. पोरगं चटपटीत होतं. वर्ष-दोन वर्षांत ते मोरीवरून भटारखान्यात गेलं आणि थंड पदार्थांच्या टेबलावर उभं राहू लागलं. शेवटच्या सुटीत घरी आला तेव्हा चुलीजवळ बसून त्याने आईला सांगितलं होतं,

"माय, आमच्या इथं माशाचे अंडे खातात. काळे, मोहरीएवढे. बर्फावर चांदीची वाटी ठेवतो न् त्यात मांडतो मी. एक बी दाना फुटला नाई पायजे. कॅव्हिअर म्हनतात त्याले."

"गाबोळीच न ते? आपुन बी त खातो. भोयाच्या घरून आनतो."

"तेच. पन परदेशातून येते. मोठमोठे लोक चमचाभर खातात न् डोये मिटून घेतात."

"तुह्या हातचं?"

"माह्याच हातचं."

हे चंपाबाईने साऱ्या वस्तीत सांगितलं होतं. तिच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात त्यांच्या लोकांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची, पाणी वरून ओतायचे. आणि आता तिच्या पोराच्या हातचं साहेब लोक खात होते. तिने ते वाण्याच्या बायकोलाही सांगितलं. वाणिणीने मिठाची पुडी वरूनच चंपाबाईच्या ओच्यात टाकली.

पोरगा गेल्यावर चार-सहा महिन्यांनी चंपाबाई एक दिवस म्हणाली, "मले तिथं जेवाचं हाय."

"कुठी?" पुंजाजीने विचारलं.

"पोराच्या हाटेलात."

"कायले? आता पोरगं हाय का तिथं?"

"त्यानं लोकायले जे खाऊ घातलं, ते मले एकडाव खाऊन पाह्यचं हाय. त्याचा हात फिरला तिथं. त्याच्या मागचे लोक तसंच करत असतीन."

पुंजाजीने वाद घातला नाही. इतक्या महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. त्याने पंजाबरावला कळवलं, पंजाबराव हॉटेलात जाऊन भेटला. मॅनेजर म्हणाला, एखाद्या दुपारी घेऊन या, आमचे पाहुणे म्हणून जेवतील. पंजाबरावला माणूस दिलदार वाटला.

मूर्तिजापूरपर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे करून दोघं मुंबईला पोचली. चंपाबाईने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं. तोंडाची चव बिघडू नये म्हणून तिने सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही.

पंजाबराव त्यांना हॉटेलवर घेऊन गेला. दारावरच्या शिपायाने तिघांना बाजूच्या दाराने आत नेलं. आत थंडगार होतं, पाय बुडेल असा गालिचा होता. कोपऱ्यात नक्षीच्या लाकडी पडद्यामागे एक टेबल होतं, भटारखान्याच्या दाराला लागून. तिथे त्यांना बसवलं. दार सारखं उघडत-मिटत होतं आणि उष्ट्या ताटल्या त्यांच्या जवळून आत जात होत्या. समोर खिडकीशी तीन-चार टेबलं रिकामी होती. पंजाबरावच्या ते लक्षात आलं. पुंजाजीच्याही आलं. चंपाबाई मात्र त्या दाराकडेच पाहत होती. तिला तीच जागा बरी वाटली.

मॅनेजर एकदा येऊन गेला. "इंद्रभान अच्छा आदमी था," म्हणाला, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून गेला.

मग हातमोजे घातलेल्या वेटरने बर्फावर ठेवलेली चांदीची वाटी आणली. तळाशी काळे दाणे होते, बाजूला पातळ भाजलेला पाव. चंपाबाईने दोन्ही हात जोडले आणि मग चमचा उचलला.

थंड आणि खारट. दाणे टाळूला चिकटून फुटले आणि माशाचा उग्र वास नाकात आला. ती थांबली. पुन्हा थोडं घेतलं. पुंजाजीने घास कसाबसा गिळला आणि पाणी प्याला.

"बाबू," तिने वेटरला विचारलं, "हे कोनं केलं?"

"हे कोणी करत नाही, माताजी. इराणहून डबा येतो. उघडायचा आणि मांडायचा."

"शिजवत नाई?"

"नाही."

"तेल, तिखट, मीठ?"

"आम्ही काहीच घालत नाही. याला हात लावायचाच नसतो."

चंपाबाईने चमचा खाली ठेवला. "मंग माह्या पोरानं काय केलं याच्यात?"

वेटर गोंधळला. माणूस वाईट नव्हता. "तो फार सुंदर मांडायचा," एवढंच त्याला सुचलं.

पडद्याच्या नक्षीतून पलीकडचं टेबल दिसत होतं. तिथल्या बाईपुढे तशीच वाटी आली. बोलता बोलता तिने एक चमचा तोंडात टाकला, वाटी बाजूला सारली आणि बोलत राहिली. तिने डोळे मिटले नाहीत. चंपाबाई ती वाटी परत जाईपर्यंत पाहत राहिली.

मग पांढऱ्या रश्शातला मासा आला, उकडलेल्या भाज्या आल्या. कशालाच चव लागेना. ताटं तशीच राहिली. "पोरगा जिथं उभा राहे, ते जागा तरी पाहू दे," असं तिने वेटरला म्हटलं. तो आत विचारून आला. बाहेरच्या माणसाला भटारखान्यात जायची परवानगी नव्हती.

बाजूच्याच दाराने ते बाहेर पडले. गल्लीत पोचतात तोच मागून एक म्हातारा धावत आला, अंगावर हळदीचे डाग पडलेला एप्रन. तो खेमा, मारवाडातला, तिथला जुना आचारी. त्याने वाकून दोघांच्या पायाला हात लावला.

"माई, भूखे मत जाओ. इंद्रभान दोपहर को आम्हाला बेसन-भाकरी करून द्यायचा. साहब लोग का खाना हो गया, की हमारे लिए. म्हणायचा, माझी आई करते तसं. तुम्ही येणार समजलं, तर आज मी केलं. वैसाही किया."

नोकरांच्या खोलीत बाकावर त्याने त्यांना बसवलं आणि स्टीलच्या ताटल्या पुढे ठेवल्या. भाकरी जाड होती, कडा फाटलेल्या. बेसनात हळद जास्त होती आणि धने पडले होते. चंपाबाईने घास घेतला. तो तिने बराच वेळ तोंडात ठेवला. खेमा समोर उभा होता.

"वैसा बना, माई?"

"तसंच झालं," चंपाबाई म्हणाली.

खेमाने एप्रनने डोळे पुसले. तिने ताटली पुसून खाल्ली, दुसऱ्यांदा वाढलेलंही खाल्लं.

परतीच्या गाडीत पुंजाजीने विचारलं, "खरंच तसं झालतं का व बेसन?"

"मले काय मालूम?"

"मंग तसंच झालं म्हनलं कायले?"

"आपून इंद्रभानच्या हातचं कधी खाल्लंच नाई न," ती म्हणाली. "घरी होता तवा मीच करून घालू. तो इकडं येऊन शिकला. त्याचं कसं लागे, हे त्या म्हाताऱ्याले ठावं हाय, मले नाई. मी कशाशी ताडून पाहू?"

पुंजाजीने आपलं उपरणं तिच्या खांद्यावर टाकलं. ती पदरात तोंड घालून रडू लागली, आणि समोरच्या बाकावरच्या बाईने न विचारता तिला पाण्याचा तांब्या दिला.

गावात शेजारीण भागिरथाने विचारलं, "कसं होतं वो, पोराच्या हाटेलातलं?" चंपाबाई "बरं होतं" म्हणाली आणि सरपण आत न्यायला उठली. त्यानंतर साहेब लोकांच्या जेवणाची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही.

तुरी निघाल्यावर बेबीताई माहेरी आली. आई दमलेली पाहून तिने तिला चुलीपुढून उठवलं आणि स्वतः पीठ मळायला घेतलं. एरवी लेकीला माहेरी चंपाबाई काडी उचलू देत नसे. त्या दिवशी मात्र ती बाजूला होऊन बसली.

बेसन-भाकरीचं ताट पुढे आल्यावर ती हळूहळू खाऊ लागली. प्रत्येक घासाला थांबत होती. बेबीताई घाबरली.

"काय झालं, माय? जात नाई का घास?"

"जाते न."

"मंग अशी काहून खाऊन राह्यली?"

"तुह्या हातचं कसं लागते, ते पाहून राह्यली."

बेसनाकडे बघून बेबीताई म्हणाली, "खालून थोडं करपलं, माय."

"असू दे," चंपाबाई म्हणाली. "वाढ अजून."